मॅलार्ड क्लोजमधली दोरी

लीलावती खोब्रागडे यांना आमच्या हॉस्पिटलात सगळे सिस्टर लीला म्हणत. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांचा दरारा असा, की भलेभले सर्जन हातातलं काम थांबवत. "स्वॅब मोजून व्हायचेत," एवढंच त्या म्हणायच्या, आणि रक्त टिपायचे ते कापडी बोळे मोजून होईपर्यंत शेवटचा टाका पडायचा नाही. मी त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत होते. कँटीनमध्ये एकदा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, माझ्या डब्यातली भाजी न विचारता चाखली आणि म्हणाल्या, "पुण्याची का गं तू?"

"हो. कसं ओळखलंत?"

"साखर!" त्या म्हणाल्या आणि आपल्या डब्यातला ठेचा माझ्याकडे सरकवला. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

त्या नागपूरहून इथे इंग्लंडात, लेस्टरला, दोन हजार दोन साली आल्या. तेव्हा इथल्या हॉस्पिटलांना नर्सेस कमी पडत होत्या आणि एजन्सीवाले भारतभर फिरत होते. चाळिशी ओलांडलेली बाई, मेट्रनच्या खुर्चीजवळ पोचलेली, ती सगळं सोडून परक्या देशात पुन्हा खालच्या पायरीवर उभी राहिली. मागोमाग नवरा आणि मुलगी आले. नवरा कमलाकरराव वीज मंडळात, नागपूरजवळच्या औष्णिक वीजकेंद्रात ऑपरेटर होते. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि इथे एका सुपरमार्केटच्या बेकरीत पाळी धरली. "तिकडं बॉयलर, इकडं ओव्हन," ते म्हणायचे. "आपला जन्म आगीपाशीच जायचा."

सुरुवातीला ते माझ्याच गल्लीत, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या जुन्या विटांच्या घरांमध्ये भाड्याने राहिले. आमच्या गल्लीत प्रत्येक घरामागे फरशीचं छोटं यार्ड आणि प्रत्येक यार्डात दोरी. पंजाबी ड्रेस, गुजराती साड्या, शाळेचे शर्ट, सगळं तिथे उघड्यावर वाळायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दोन हजार सहाच्या वसंतात खोब्रागड्यांनी शहराच्या ईशान्य टोकाला नव्या वस्तीत घर घेतलं. मॅलार्ड क्लोज. मॅलार्ड हे एका बदकाचं नाव. पूर्वी तिथे नाल्याकाठची गाईंची कुरणं होती. बिल्डरने ती बुजवली, नाला जमिनीखालच्या नळात घातला, पावसाचं पाणी जायला एक तळं खणलं, त्यात बदकं आली आणि रस्त्याला नाव मिळालं. घरं सगळी एका मापाची, हिरवळ गालिच्यासारखी कापलेली, आणि स्वयंपाकघरात बिल्डरकडून भेट म्हणून विजेवर कपडे वाळवणारा नवाकोरा ड्रायर.

लीलाताईंनी तो उघडून पाहिला, झाकण लावलं आणि पहिल्याच सुट्टीला मागच्या बागेत कुंपणाच्या खांबापासून शेडपर्यंत निळी नायलॉनची दोरी ताणली. वाऱ्याने चादरी शिडासारख्या फुगल्या. मी त्या दिवशी घर बघायला गेले होते. बाकीच्या बागांमध्ये बार्बेक्यू होते, ट्रॅम्पोलीन होत्या, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. कपडे मात्र कुठेच नव्हते.

"इथले लोक कपडे धूत नाहीत का?" मी विचारलं.

"धूत असतील," लीलाताई म्हणाल्या. "लपवून ठेवत असतील."

थोड्याच दिवसांनी मॅनेजमेंट कंपनीचं पत्र आलं. वस्तीतल्या हिरवळी, दिवे, तळं यांची निगा ही कंपनी राखत असे. पत्राची भाषा गोड होती. घर घेताना केलेल्या करारानुसार बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालायला मनाई आहे, कृपया दोरी काढावी. लीलाताईंनी पत्र फ्रिजवर चिकटवलं आणि दोरी तशीच ठेवली. दुसरं पत्र आलं, त्यातला गोडवा कमी झाला होता. मग एका शनिवारी कंपनीचे मिस्टर हॅलम स्वतः आले. टापटिपीचा, मवाळ बोलणारा माणूस. लीलाताईंनी त्यांना आत बोलावून चहा दिला. मी तिथेच होते.

"मिसेस खोब्रागडे, प्रश्न फक्त दिसण्याचा आहे," हॅलम म्हणाले. "मागच्या रस्त्यावरून कपडे दिसतात."

"दिसणारच. कपडे आहेत ते."

"त्याने वस्तीचा दर्जा खाली येतो. घरांच्या किमतीवर परिणाम होतो."

"माझ्या चादरीने?"

"तुम्ही करारावर सही केली आहे." हॅलमनी शांतपणे कप खाली ठेवला. "शिवाय तुमच्याकडे उत्तम ड्रायर आहे."

सहीचं त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि लीलाताईंनी ते नाकारलं नाही. घर घेताना वकिलाने कागदांचा गठ्ठा पुढे केला होता. कोंबड्या पाळू नयेत, कॅरॅव्हॅन उभी करू नये, असल्या कलमांमध्ये दोरीचंही कलम होतं. त्यांनी ते वाचलंही होतं. पण कुणी माणूस खरोखर हे कलम घेऊन दारात येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"सही माझीच आहे," त्या म्हणाल्या. "पण बाहेर बघा, केवढं ऊन पडलंय. ते तुमच्या कंपनीने पाठवलं नाही. असं ऊन असताना कोळसा जाळून मी मोजे वाळवायचे? ते मी करणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा. बिस्किट घ्या."

हॅलमनी बिस्किट घेतलं नाही.

ते गेल्यावर घरातच जुंपली. मुलगी चैत्राली तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि शाळेतल्या दोन मैत्रिणी त्याच वस्तीत राहायच्या. "मम्मी, प्लीज! सगळा लोक बघतात. माझी पीई किट सगळ्यांना दिसतो! ड्रायर आहे ना, मग व्हाय?"

"दिसते," लीलाताईंनी तिची भाषा सुधारली. "खेळाच्या तासाची किट दिसते. आणि धुतलेली दिसते."

खरा विरोध कमलाकररावांचा होता. ते तावातावाने बोलणारे गृहस्थ नव्हते. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पडला होता.

"कोळसा जाळून म्हणालीस तू त्या माणसाला," ते म्हणाले. "चोरी करून म्हणावं तसं. पंचवीस वर्षं मी तेच केलं ना? त्याच कोळशावर तुझं नर्सिंगचं शिक्षण झालं, हे घर उभं राहिलं. बाबासाहेब मजूर मंत्री असताना वीज आणि धरणांचं काम बघायचे. काहून बघायचे? वीज आली म्हणजे माणूस बैलासारखा राबायचा थांबल, म्हणून. आपल्या माणसांना वीज फुकट नाही मिळाली, लीला. तिला शिव्या नको देऊ."

"शिव्या कुठं देऊन राहिली मी?" लीलाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, कारण त्यांना ठाऊक असलेलं मला ठाऊक नव्हतं. "आमचं गाव त्या वीजकेंद्राला लागून. आमच्या गावात चिमणी आधी आली आणि वीज नंतर. किती नंतर, विचार यांना. तारा आमच्या डोक्यावरून मुंबईला जायच्या, पुण्याला, तुझ्या घरी जायच्या. आणि आम्ही त्या चिमणीच्या पायाशी रॉकेलची चिमणी लावून अभ्यास करायचो."

कमलाकरराव खिडकीबाहेर बघत राहिले. ते शेजारच्याच गावचे होते.

"रोज राख पडायची," त्या सांगत होत्या. "छपरावर, पाण्यावर, भाकरीच्या पिठात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं तर पांढरी साडी पाहिजे. माय ती साडी धुवायची आणि वाळू घालायला तिला जागाच नसायची. बाहेर टाकली तर संध्याकाळपर्यंत करडी. मग घरात, चुलीवर दोरी बांधून वाळवायची. साडी पांढरी राहायची, पण धुराचा वास यायचा. मैदानात लाखो बाया पांढऱ्याशुभ्र बसलेल्या आणि माझी माय पदर नाकाशी नेऊन सारखी हुंगायची, कुणाला वास तर येत नाही ना म्हणून. मी तिच्या मांडीवर बसून बघायची."



"विजेशी माझं भांडण नाही," लीलाताई नवऱ्याला म्हणाल्या. "थिएटरमधला दिवा गेला तर माझा पेशंट मरतो. मला समजते वीज. पण नॉटिंगहॅमला जाताना वीजकेंद्राचे ते मोठाले टॉवर दिसतात, त्यांच्या पायाशीही कुणाची तरी दोरी असेल. दिसू नये म्हणून मी कपडे आत घ्यायचे, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या दारात राख टाकायची? नाही जी. सही केली असली तरी नाही."

कमलाकररावांना ते पटलं असं नाही. पण त्यांनी दोरी काढायचा विषय पुन्हा काढला नाही.

तक्रार कुणी केली होती ते लवकरच कळलं. शेजारच्या घरात मॉरीन टॅन्सली राहायच्या. सत्तरीच्या पुढे, एकट्या, केस नेहमी सेट केलेले. एका सकाळी लीलाताई चादर झटकून घालत होत्या, तेव्हा कुंपणापलीकडून मॉरीन म्हणाल्या, "मीच फोन केला होता कंपनीला. तुझ्या पाठीमागे बोलायचं नाही मला, डक." लेस्टरच्या जुन्या बायका रागावल्या तरी समोरच्याला लाडाने डक म्हणतात.

"का केलात?"

"मी होजिअरीच्या कारखान्यात जन्म घालवला. आमच्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे लटकायचे. कारखान्याच्या धुराड्यांची काजळी त्यावर पडायची, आणि सोमवारी धुतलेलं आई मंगळवारी पुन्हा धुवायची. बाहेर पडलं की लोकांच्या चड्ड्यांखालून वाकून जायचं. मी तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस असं घर घेईन, जिथून कुणाचे कपडे दिसणार नाहीत. नवरा गेला, जुनं घर विकलं, आणि हे घेतलं. आणि माझ्या खिडकीसमोर तू दोरी बांधलीस."

लीलाताईंनी ही हकिकत मला दुसऱ्या दिवशी सांगितली. त्यांना राग आला नव्हता, हेच त्यांना खुपत होतं. "हॅलमशी भांडणं सोपं आहे गं," त्या म्हणाल्या. "ही बाई माझ्या मायसारखी बोलून राहिली. काजळीतून सुटली बिचारी. फक्त काजळी गेली कुठं, हे तिला कुणी सांगितलं नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"म्हटलं, मॉरीन, ती काजळी संपली नाही. तुमच्या रस्त्यावरून उचलून दुसऱ्यांच्या रस्त्यावर नेऊन टाकली. तिथं मी राहत होते."

"मग?"

"खिडकीचा पडदा ओढून घेतला तिनं."

त्या हिवाळ्यात वस्तीतले लोक लीलाताईंशी तुटक वागू लागले. आधी हात करणारे लोक गाडीच्या काचेतून समोर बघत जाऊ लागले. चैत्रालीची एक मैत्रीण यायची बंद झाली. "कशाला उगाच?" असं आमच्या मराठी मंडळातही काही जण म्हणाले. "आपण पाहुणे आहोत इथे. त्यांच्या नियमाने राहावं." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी हे माझ्यासमोर म्हटलं. मी ते लीलाताईंना सांगितलं, तेव्हा त्या हसल्या. "पाणी सगळ्यांचं आहे हे सांगायला आमच्या माणसांना महाडच्या तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. तेव्हाही नियमच दाखवत होते ना लोक? ऊन तर माझ्या दारात चालत येतं. मी फक्त दोरी बांधायची."

पावसाचे दिवस आले की त्या कपडे घरातच जिन्याच्या कठड्यावर टाकायच्या. ऊन पडलं की बाहेर. ड्रायर एकदाही चालला नाही. कंपनीची पत्रं येत राहिली, आणि शेवटच्या पत्रात कोर्टाचा शब्द आला.

मग मार्चमध्ये एके दिवशी ड्यूटीवरून परतल्यावर त्यांना दोरी कापलेली दिसली. धारदार सुरीने, दोन ठिकाणी. कपडे चिखलात. त्यात त्यांचा थिएटरचा युनिफॉर्म होता, आणि कुणीतरी त्यावर बूट पुसले होते. मॉरीननी हे केलं नव्हतं. त्या तेव्हा बहिणीकडे गेलेल्या होत्या. कुणी केलं ते कधीच कळलं नाही.

मी पोचले तेव्हा लीलाताई चिखलात उभ्या राहून एकेक कपडा उचलत होत्या. रडत नव्हत्या. चैत्राली दारात आली. तिने चिखलातला युनिफॉर्म पाहिला, बूट चढवले आणि आईच्या हातातली बादली घेतली.

"पोलिसांना फोन करू या," मी म्हटलं.

"करू. पण आधी दोरी," लीलाताई म्हणाल्या.

दोरी आणायला कमलाकरराव गेले. गावभर फिरून ते कशी दोरी घेऊन आले ठाऊक आहे? आतून पोलादी तार असलेली. वीजकेंद्रातल्या माणसाच्या सफाईने त्यांनी ती ताणली, गाठी मारल्या, आणि ओढून बघत म्हणाले, "आता काप म्हणावं." कपडे पुन्हा धुऊन संध्याकाळच्या आत त्याच जागी लागले. सूर्य नव्हता, वाळणार नव्हते. तरीही लागले. वाळवण्यासाठी ते घातलेच नव्हते.

त्या वर्षीचा उन्हाळा कसा गेला ते इंग्लंडातल्या कुणालाही विचारा. जूनभर पाऊस, जुलैत आणखी पाऊस. टीव्हीवर गावंच्या गावं पाण्यात दिसत होती. एका दुपारी आभाळ फाटलं आणि मॅलार्ड क्लोजचं तळं भरून वाहू लागलं. कुरण बुजवून घरं बांधली हे बिल्डर विसरला असेल, नाला विसरला नव्हता. पाणी आपल्या जुन्या वाटेने आलं आणि दारांखालून आत शिरलं. गुडघाभर चढलं, तपकिरी, गटाराच्या वासाचं. वीज गेली आणि काही दिवस आलीच नाही. वस्तीचं ट्रान्सफॉर्मरचं खोकं पाण्यात बुडालं होतं.

खोब्रागड्यांच्या खालच्या मजल्यावरचे गालिचे, सोफा, पुस्तकं, सगळं गेलं. बिल्डरच्या भेटीचा तो ड्रायरही गेला. पण लीलाताईंनी आधी शेजारचं दार ठोठावलं. मॉरीन जिन्याच्या पायरीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर लग्नाचा भिजलेला अल्बम. त्यांच्या आईने शिवलेल्या रजया तळाच्या कपाटात होत्या. त्यांतून पाणी गळत होतं.

पाऊस थांबला. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, जणू काही झालंच नव्हतं. कमलाकररावांनी तारेची दोरी कुंपणावरून मॉरीनच्या बागेत नेली. भिजलेल्या रजया दोघी बायकांनी दोन टोकांना धरून पिळल्या. त्या इतक्या जड होत्या की दोरी मध्ये वाकली आणि कमलाकररावांना खाली बांबूचा टेकू लावावा लागला.

"एवढ्या वेळेपुरतंच हं, डक," मॉरीन म्हणाल्या.

"एवढ्या वेळेपुरतंच," लीलाताई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बागांमध्ये तेच चित्र. कुंपणांवर, झाडांवर, ट्रॅम्पोलीनवर, गाड्यांच्या टपावर, जिथे जागा मिळेल तिथे लोकांनी आपलं सगळं घर वाळत घातलं होतं. गाडीच्या काचेतून समोर बघत जाणाऱ्यांपैकी एक शेजारी हातात पिळलेली गादीची खोळ घेऊन आला आणि ओशाळून विचारू लागला, तुमच्याकडे थोडी दोरी उरली आहे का? लीलाताईंनी त्याला दोरी दिली आणि चिमट्यांची पिशवीही दिली. काही बोलल्या नाहीत. "बोलायचा मोह फार झाला होता," असं मात्र त्यांनी मला नंतर सांगितलं.

आणि मग कंपनीने घोडचूक केली. कुठल्या तरी ऑफिसात बसलेल्या कुणी तरी, पूर आला काय आणि गेला काय, नियमाप्रमाणे वस्तीची पाहणी करून घेतली आणि झाडून सगळ्या घरांना तेच पत्र पाठवलं. बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालायला मनाई आहे.

शरद ऋतूत चर्चच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा झाली. मी मागच्या रांगेत बसले होते. इतकी गर्दी की लोक भिंतीला टेकून उभे होते. हॅलमनी सुरुवातीलाच माफी मागितली. पत्रांची वेळ चुकली, ते म्हणाले, पण नियम नियमच आहे. नियम नसेल तर उद्या कुणीही काहीही करील. एक प्रगत, आधुनिक वस्ती म्हणून लोकांनी इथे घरं घेतली. "प्रगती म्हणजे शेवटी काय?" त्यांनी समजावणीच्या सुरात विचारलं. "काही गोष्टी आपल्याला आता कराव्या लागत नाहीत, हीच ना?"

लीलाताई उठल्या. थिएटरमधला आवाज त्यांनी लावला नाही. साधंच बोलल्या.

"मिस्टर हॅलम, मी प्रगतीच्या जिवावर उभी आहे. माझी आई अंगठा लावायची, मी ऑपरेशन थिएटर चालवते. मला मागे नाही जायचं. पण तुम्ही ज्याला प्रगती म्हणता, त्यात फक्त बघण्याची सोय आहे. कपडे दिसू नयेत. कोळसा दिसू नये. नाला दिसू नये, म्हणून तो पुरला. गेल्या जुलैत तो आपल्या सगळ्यांना दिसला. मी माझी दोरी काढणार नाही. कोर्टात न्या मला. मी येईन, उन्हात वाळलेले कपडे घालून येईन."

लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. हॅलम उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात कमलाकरराव उभे राहिले. सभेत बोलायचं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. त्यांचं इंग्रजी अडखळायचं, म्हणून ते चारचौघांत बोलत नसत.

"मी वीज बनवायचो," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं. माझ्या डाव्या फुप्फुसात तिची राख अजून आहे. मला अभिमान आहे. मी ती दवाखान्यासाठी बनवली. मुलांच्या अभ्यासासाठी बनवली. ऊन असताना मोजे वाळवायला नाही बनवली. एवढंच."

ते बसले. लीलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा हात घट्ट धरलेला मला मागून दिसला.

त्यानंतर मॉरीन उठल्या. केस सेट केलेले, अंगात चांगला कोट. "मला दोरीवरचे कपडे आवडत नाहीत," त्या म्हणाल्या. "आजही आवडत नाहीत. पहिली तक्रार माझीच होती. पण ज्याच्या घरातला गालिचा कोरडा आहे, त्याने माझ्या आईच्या रजया कुठे वाळवायच्या हे मला सांगायचं नाही."

त्या सभेत काही ठरलं नाही. कंपनीने प्रकरण वकिलाकडे दिलं. वकिलाचं पत्र आलं, मुदत आली, मुदत गेली. या दिवसांत लीलाताईंची झोप उडाली होती हे मला माहीत आहे. कोर्टात हरलो तर घर जाईल का, असं कमलाकररावांनी मला हळूच विचारलं होतं. तरीही दोरी रिकामी राहिली नाही. वस्तीत आता आणखी काही दोऱ्या दिसू लागल्या, सगळ्या घरी नाही, इकडे एक, तिकडे एक. सगळ्यांना एकदम कोर्टात खेचणं कंपनीला जड जात असावं.

शेवटी निकाल कोर्टाने लावला नाही. दोन हजार आठ साली बँका कोसळल्या, घरं विकली जाईनात, आणि बिल्डरने उरलेले प्लॉट तसेच टाकून काम गुंडाळलं. त्याच्या हातातली मॅनेजमेंट कंपनी रहिवाशांच्या गळ्यात पडली. आता हिरवळ कोण कापणार, दिवे कोण दुरुस्त करणार आणि कुठलं कलम चालवायचं, हे लोकांनीच ठरवायचं होतं. पहिल्याच बैठकीत दोरीचा प्रश्न मताला आला. करारातलं कलम काढून टाकणं कायद्याने फार किचकट होतं, म्हणून ते राहिलं. ते चालवायचं नाही, एवढा ठराव झाला, तोही काठावर. मॉरीननी कोणत्या बाजूने मत दिलं ते कधी सांगितलं नाही. लीलाताईंनी कधी विचारलं नाही.

फार मोठा विजय झाला असं मी म्हणणार नाही, आणि लीलाताईही म्हणत नसत. त्या वस्तीतल्या निम्म्याहून जास्त घरांत आजही बारा महिने ड्रायर घुमतो. नॉटिंगहॅमच्या वाटेवरचे टॉवर वाफ सोडतात. वस्तीच्या कमिटीवर या म्हणून लीलाताईंना आग्रह झाला, तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला. "मी आत बसले तर बाहेरून कोण ओरडणार?" पण ट्रान्सफॉर्मरचं खोकं उंच ओट्यावर चढवा आणि नळात घातलेल्या नाल्याचा गाळ दर वर्षी काढा, यासाठी त्यांनी कमिटीचा एवढा पिच्छा पुरवला की दोन्ही कामं झाली. चैत्राली लीड्सला शिकायला गेली. तिथल्या हॉस्टेलात रात्रभर दिवे जळतात म्हणून वॉर्डनशी भांडली, असं तिने फोनवर सांगितलं. तिचं मराठी अजून तसंच आहे. "मम्मी, मी खूप भांडलं," ती म्हणाली. या वेळी लीलाताईंनी तिची भाषा सुधारली नाही.

गेल्या वसंतात मी त्यांच्याकडे गेले होते. दुसऱ्या बाजूच्या शेजारच्या घरात एक तरुण पोलिश जोडपं नवीनच आलं होतं. बायको तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन कुंपणाशी आली आणि संकोचाने विचारू लागली, "इथे बाहेर कपडे वाळत घालायला परवानगी आहे का? आमच्या करारात काहीतरी लिहिलंय."

"परवानगी नाही," लीलाताई म्हणाल्या. "लिहिलंय ते खरं आहे."

तिचा चेहरा उतरला.

"तू खांब कुठे रोवणार ते सांग," लीलाताई म्हणाल्या आणि कमलाकररावांना हाक मारून पहार आणायला सांगितली.